पंचाहत्तर सेकंदांची शिकार : 'मॉन्स्टर हंटर नाऊ' फुकटात खेळतानाच्या नोंदी

१४ सप्टेंबर २०२३, गुरुवार

गेम आज सगळीकडे खुला झाला, अँड्रॉइडवरही आणि आयफोनवरही. कॅपकॉम या जपानी गेम कंपनीची मूळ मालिका २००४ साली प्लेस्टेशन २ वर सुरू झाली होती. ही तिची रस्त्यावर चालत खेळायची आवृत्ती, 'पोकेमॉन गो'वाल्या नायँटिकबरोबर केलेली. डाउनलोड फुकट आहे आणि आत खऱ्या पैशांनी घ्यायच्या रत्नांचं दुकान आहे. त्या दुकानात पाऊल टाकायचं नाही, ही माझी अट.

नुसतं 'खेळून बघू' म्हटलं की माझं काहीच पुरं होत नाही, म्हणून ठरवूनच टाकलं : पैसे न टाकता अंजनाथ पाडायचा. नाव ऐकून नवनाथांच्या रांगेतला सुटलेला दहावा वाटतो, पण हा आग ओकणारा, केसाळ पाठीचा, भल्यामोठ्या जबड्याचा प्राणी आहे. कथेत तो बराच पुढे येतो. कोणाला हेच करायचं असेल तर माझ्या चुका तरी वाचतील, म्हणून या नोंदी.

पहिल्या तासात : नकाशा, सोबतीला पालिको नावाचा बोका, हातात तलवार-ढाल. बाकीची पाच शस्त्रं कथा सरकल्यावर उघडतात. टॅप केलं की वार, बोट सरकवलं की बाजूला उडी, दाबून धरलं की ढाल. शिकायला पाच मिनिटंही लागली नाहीत. ही पाच मिनिटं मला पुढे आठवडाभर महागात पडली, कारण शिकलो असंच वाटत राहिलं.

१५ सप्टेंबर

पहिला मोठा मॉन्स्टर, ग्रेट जाग्रस. पाडला. पाडताना सुरुवातीला मिळालेल्या औषधांच्या बाटल्या ढसाढसा प्यायलो. जाग्रस हा इथला सगळ्यात गरीब जीव आहे, त्याच्यावर बाटल्या उधळणं म्हणजे मुंगी मारायला तोफ. रोज पाच फर्स्ट-एड औषधं फुकट मिळतात हे रात्री कळलं. बाटल्या अडीअडचणीला ठेवायच्या आणि ही पाच आधी संपवायची, हा क्रम पहिल्या दिवशीच कोणी सांगायला हवा होता.

प्रत्येक मोठ्या शिकारीला ७५ सेकंद. मूळ गेममध्ये साधारण ५० मिनिटं असतात. वेळ संपली की मॉन्स्टर निघून जातो. हाती काही येत नाही आणि गेलेलं रक्त गेलेलंच राहतं.

१७ सप्टेंबर, रविवार

सव्वादोन तास चाललो. साडेअकरा हजार पावलं, बॅटरी शंभरवरून एकोणीस. कॅमेऱ्यातून मॉन्स्टर समोरच्या रस्त्यावर उभा दाखवायची सोय एकदा बघितली, मजा वाटली, आणि बंद केली. स्क्रीनचा उजेड निम्म्यावर आणला. उद्यापासून पॉवर बँक खिशात.

कुलू-या-कू भेटला. पक्ष्यासारखा दिसतो, दगड उचलून छातीशी धरतो आणि तोच आपल्यावर हाणतो. मी सरळ दगडावरच तलवार चालवत बसलो. दोनदा वेळ संपली. तिसऱ्यांदा बाजूने जाऊन पायांवर मारत राहिलो तेव्हा पडला.

आज एक गोष्ट खेळाबाहेरची. चालता चालता लढत होतो आणि खांबाला खांदा लागला. जोरात नाही, पण लाज वाटेल एवढा. नियम : मॉन्स्टरवर टॅप करायच्या आधी पाय थांबवायचे, रस्त्याच्या कडेला. ७५ सेकंद उभं राहायला काही जात नाही.

१९ सप्टेंबर

आजची चूक सगळ्यात महाग आहे.

नवी शस्त्रं उघडली. मोठी तलवार दिसली आणि जीव गेला तिच्यावर. दाबून धरा, ताकद साठते, सोडा, आणि धाडकन मोठा आकडा. जमवलेलं बरंच लोखंड तिच्यात घातलं. उरलेलं जाग्रसच्या पाच तुकड्यांच्या चिलखतात : डोकं, छाती, हात, कंबर, पाय, सगळं जुळणारं. दिसायला झकास.

मग पुकेई-पुकेईसमोर गेलो. मोठी तलवार साठवायला वेळ घेते. मी साठवतो, तो सरकतो, माझा वार हवेत. एका लढाईत सात वार केले, अंगाला लागले दोन. वर त्याचं विष चढलं की रक्त गळत राहतं ते वेगळंच. पुन्हा तलवार-ढालीकडे आलो तर ती वाढवायला लोखंड नाही.

शस्त्राच्या प्रत्येक ग्रेडला पाच पायऱ्या आहेत आणि पायरीगणिक सामान (लोखंड, हाडं, पाडलेल्या मॉन्स्टरचे तुकडे) जास्त लागतं. तीन ठिकाणी थोडं थोडं घातलं तर तिन्ही अर्धवट राहतात. चिलखताचंही तसंच. घड्याळ ७५ सेकंदांचं असताना मार खाऊन टिकण्यापेक्षा मारून मोकळं होणं जास्त कामाचं. आधी शस्त्र, मग चिलखत. गेलेलं सामान परत मिळत नाही. अंदाजे तीन दिवसांचं चालणं त्या मोठ्या तलवारीत गाडलं गेलंय. मला ती अजूनही आवडते, पण माझ्या हाताची नाही.

२० सप्टेंबर

पाऊस. घरी. काही नाही.

२१ सप्टेंबर

पालिको आपण फोन खिशात ठेवून चालत असतानाही वाटेतल्या मॉन्स्टरांवर रंगाचे गोळे मारून खूण करतो, आणि खूण झालेली शिकार नंतर घरी बसून करता येते. ही या गेममधली मला सगळ्यात आवडलेली सोय. फक्त दोन दिवस माझ्या बोक्याने एकही खूण केली नव्हती. मी त्याला आळशी म्हणत होतो.

बोका निर्दोष निघाला. फोनचा बॅटरी सेव्हर मीच रविवारी चालू करून ठेवला होता. स्क्रीन बंद झाली की तो गेमला झोपवत होता, आणि लोकेशनची परवानगीही 'अ‍ॅप वापरताना' एवढीच दिली होती. ती 'कायम' केली, या गेमपुरती पार्श्वभूमीतली बंधनं काढली, बॅटरी सेव्हर बंद केला. संध्याकाळी दूध आणायला गेलो, परत येईपर्यंत खुणा झालेल्या. दोन दिवसांची सुमारे पंधरा हजार पावलं मात्र वाया.

२३ सप्टेंबर, शनिवार

बॅरॉथ. डोकं खाली घालून धावत येतो आणि ते डोकं दगडाचंच आहे. चार प्रयत्न, चार पराभव. शेवटच्या दोन वेळी त्याच्या जिवाच्या पट्टीत अगदी थोडं रक्त उरलं होतं, तेच जास्त झोंबलं.

चिडून स्क्रीन रेकॉर्डिंग लावलं, पाचव्यांदा हरलो, आणि मग चहा घेऊन ते रेकॉर्डिंग थांबवत थांबवत बघितलं. कागदावर रेघा मारल्या. ७५ सेकंदांपैकी माझी तलवार त्याच्या अंगाला लागत होती ३१ सेकंद. १४ सेकंद मी त्याच्यामागे धावत होतो. ११ सेकंद जमिनीवर पडून उठत होतो. आणि उरलेले १९ सेकंद मी उड्या मारत होतो, तो वार करत नसतानाही. नुसत्या भीतीने.

माझी समजूत होती की शस्त्र कमी पडतंय. शस्त्र थोडं कमी होतंच, पण ४४ सेकंद मी स्वतःच वाटून टाकत होतो.

२४ सप्टेंबर, रविवार

भाचा आला होता. तो हा गेम खेळत नाही, पण बाकी सगळे खेळतो. मी बॅरॉथशी लढत होतो आणि तो खांद्यावरून बघत होता.

"मामा, तू मारतोस कमी, पळतोस जास्त."

"तो कधी मारणार ते कळतच नाही रे."

"कळतं की! मारायच्या आधी तो लाल चमकतो. तुझा अंगठा त्याच्या तोंडावर आहे, म्हणून तुला दिसत नाही."

दहा दिवस! मी फोन उभा धरून एका हाताने खेळत होतो, आणि अंगठा बरोबर स्क्रीनच्या मध्यभागी, मॉन्स्टरच्या अंगावर. वार करण्यासाठी मॉन्स्टरवरच टॅप करावं लागतं अशी माझी समजूत. तसं काही नसतं, स्क्रीनवर कुठेही टॅप केलेलं चालतं. फोन आडवा केला, उजवा अंगठा पार कोपऱ्यात नेला. लाल झळक स्वच्छ दिसायला लागली. झळक दिसली की उडी, नाही दिसली की वार. तिसऱ्या प्रयत्नात बॅरॉथ आडवा, नऊ सेकंद बाकी ठेवून. शस्त्र तेच, पायरी तीच.

भाच्याला वडापाव खिलवला असं लिहिणार होतो, पण तो नको म्हणाला. त्याला माझा फोन हवा होता.

२७ सप्टेंबर

ग्रेट गिरॉस. याचे सुळे लागले की अंग बधिर होतं आणि आपण उभे राहून मार खातो. झळकेवर लक्ष ठेवून दुसऱ्या प्रयत्नात पाडला.

आज बसून साखळी काढली. अंजनाथला पाणी सोसत नाही. पाण्याची तलवार ज्युराटोडसच्या सामानातून होते. ज्युराटोडसला वीज सोसत नाही. विजेची तलवार टोबी-कडाचीच्या सामानातून होते. म्हणजे टोबी, मग ज्युराटोडस, मग अंजनाथ. दोनच तलवारी करायच्या, तिसऱ्या कशालाही हात लावायचा नाही.

गंमत अशी की गिरॉस आणि टोबी या दोघांनाही पाण्याचीच भीती, आणि पाण्याचं शस्त्र मिळतं ते दोघं होऊन गेल्यावर. ज्याने हा क्रम लावला त्याला लोकांना परत मागे फिरवायचं होतं हे उघड आहे. मला राग नाही आला. आपण पुढे जाऊन मागच्याला चोपायला येतो, त्यात सूड उगवल्याचा आनंद असतो.

२८ सप्टेंबर

सामानाची पेटी भरली. खेळताना काहीतरी उचलायला गेलो तर जागा नाही. रत्नं देऊन पेटी वाढवता येते, पण आपली अट आहे. जाग्रसचे ढीगभर तुकडे विकून टाकले. विकण्याआधी साखळीत लागणाऱ्या वस्तूंची यादी कागदावर केली, नाहीतर घाईत हाडं विकून बसलो असतो. (घाईत थोडी विकलीच. रविवारी लागली.)

३० सप्टेंबर, शनिवार

टोबी-कडाची. झाडावरून उडी मारल्यासारखा येतो, अंगावर वीज साठवतो, आणि शेपटीचा फटका असा देतो की कॅमेराच फिरतो. सकाळपासून चार वेळा हरलो. आतापर्यंत झळक दिसली की मी मागे उडी मारायचो. बाकीच्यांना ते चालत होतं. याची शेपूट मागे पोचते. मग बाजूला, त्याच्या अंगाजवळून आत उडी मारायला लागलो. आत जायचं धाडस बोटांना शिकवायला दोन लढाया गेल्या. पण आत गेलं की धावपळ वाचते, उडी संपते तिथेच वार सुरू होतो. पाचव्या वेळी सहा सेकंद राखून पडला.

दिवसाची पाच औषधं संपली, दोन बाटल्याही गेल्या. त्या बाटल्यांचा पश्चात्ताप नाही.

१ ऑक्टोबर, रविवार

टोबीच्या आणखी पाच शिकारी, त्यातल्या तीन बोक्याने खूण केलेल्या, गच्चीवर बसून. विजेची तलवार झाली. नवं शस्त्र जुन्यापेक्षा खालच्या पायरीवर सुरू होतं, त्यामुळे हातात घेतल्यावर पहिल्यांदा वाटतं की फसलो. हाडं कमी पडली, त्याचं कारण वर कंसात आहे. दुपारभर हाडांच्या ढिगाऱ्यांमागे चाललो.

पाओलुमू वाटेत झाला. गळा फुगवून तरंगतो, फुटल्यावर धपकन पडतो. यावर जास्त लिहिण्यासारखं नाही.

३ ऑक्टोबर

ज्युराटोडस दलदलीत असतो आणि दोन दिवस माझ्या येण्याजाण्याच्या वाटेवर नुसतं जंगल होतं. नकाशावरचे हे पट्टे बदलत राहतात, त्यामुळे वाट बघणं हाच उपाय. आज दलदल आली. विजेच्या तलवारीने पहिल्याच प्रयत्नात पडला, १७ सेकंद बाकी. त्याआधी जुन्या तलवारीने एकदा मुद्दाम करून बघितलं होतं, तुलनेसाठी : वेळ संपली तेव्हा पट्टीत पाचवा हिस्सा रक्त शिल्लक. जुनी तलवार दोन पायऱ्यांनी वर असूनही. मॉन्स्टरला काय सोसत नाही हे बघून शस्त्र निवडल्याचा फरक एवढा असतो. मी पहिले दोन आठवडे हा रकाना वाचलाच नव्हता.

५ ऑक्टोबर

पाण्याची तलवार झाली. घाई करून तशीच, एकही पायरी न वाढवता अंजनाथपुढे उभा राहिलो. एक तृतीयांश रक्त बाकी असताना वेळ संपली. पण त्याच्या हालचाली बघून घेतल्या. तो मोठा आहे म्हणून घाबरायला होतं. खरं तर टोबीपेक्षा संथ आहे. चावा घेतो, आपटतो, पायांनी तुडवतो. त्याची आग सरळ पुढे जाते, म्हणजे पोटाखाली किंवा मागच्या पायाजवळ राहिलं तर ती आपल्याला लागत नाही.

आज आणि उद्या फक्त ज्युराटोडस आणि लोखंड.

७ ऑक्टोबर, शनिवार

तलवार चार पायऱ्या वर. अंजनाथ, दुसरा प्रयत्न. सगळं नीट चाललं होतं. वार करत गेलं की खास हल्ल्याचं बटण भरतं. ते भरल्याबरोबर मी दाबलं. नेमका तो त्याच क्षणी पुढे झेपावला आणि माझा अख्खा खास हल्ला त्याच्या शेपटीमागच्या हवेत. साधारण तीन सेकंद मी हवा कापत होतो. वेळ संपली तेव्हा पट्टीत नुसती लाल रेघ होती, केसाएवढी.

एवढ्या जवळ येऊन हरल्यावर बोट आपोआप दुकानाच्या बटणाकडे गेलं, हे कबूल करतो. उघडलं. बघितलं. बंद केलं.

खास हल्ला भरला तरी दाबायचा नाही. अंजनाथ कोसळेपर्यंत थांबायचं. एका पायावर लक्ष्य कायम ठेवून तिथेच मारत राहिलं की तो आडवा पडतो, तेव्हा दाबायचा. घरातल्या घरात जाग्रसवर सहा वेळा सराव केला. जाग्रस शेवटी कामाला आलाच.

८ ऑक्टोबर, रविवार

सकाळी सव्वासात. खूण केलेला अंजनाथ होता. खुर्चीवर बसलो, फोन आडवा, अंगठा कोपऱ्यात, अंगठ्याचा घाम शर्टला पुसून. मागचा डावा पाय निवडला.

पहिली वीस सेकंदं एकही मार नाही. मग आगीचा लोट आला आणि मी सवयीने मागे उडी मारली, म्हणजे बरोबर आगीत. अर्धं रक्त गेलं. बाटली प्यायला थांबलो नाही, वेळ जातो. पायावर मारत राहिलो. पस्तीस सेकंद उरले असताना खास हल्ल्याचं बटण भरलं आणि चमकायला लागलं. दाबलं नाही. चमकत राहिलं, मी मारत राहिलो. तीस, सत्तावीस. एक चावा लागला. तेवीसला त्याचा पाय मुडपला आणि तो कुशीवर कोसळला. तेव्हा दाबलं. पूर्ण लागला, शेवटच्या वारापर्यंत.

तो उठला, एकदा गर्जना केली, आणि उभ्या उभ्याच खाली गेला. घड्याळात चार.

ओरडलो नाही, घरात सगळे झोपले होते. बक्षिसांच्या चौकटी एकेक उघडत गेल्या. पाय तुटल्याचं एक जादा मिळालं, बाकी नेहमीचं. त्याच्या सामानातून आगीची तलवार होते, तिला असे अजून बरेच लागतील.

माझं रक्त अकरा टक्के. आजची औषधं पाच, ती पाचही घेतली आणि दुसऱ्या खुणेवर टॅप केलं. हा दुसरा अंजनाथ माझ्याकडून हुकला, दहा सेकंदांत दोन चावे खाऊन. फोन चार्जिंगला लावला. आता उद्याची पाच औषधं मिळेपर्यंत शिकार नाही.